सुराच्या सनईचा वारस

नमो बुद्धाय.

मी, सावळीराम पुंजाराम गांगुर्डे, वय बहात्तर वर्षे, पूर्वीचा धंदा फिटर, हल्लीचा धंदा विचाराल तर खाली कलम सातमध्ये येईल, राहणार सिडको, नवीन नाशिक, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर आरोही देवरे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली, वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी एक्कावन्नपर्यंत गेलो, तेव्हा त्यांनीच "पुरे काका" म्हणून हात वर केला. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, मी दारू पीत नाही. हे सर्व माझ्या स्वतःच्या अक्षरात आहे. अक्षर वाईट आहे, पण माझे आहे.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात "मानवी जीवनाचा भरवसा नसल्याने" असे एक वाक्य होते. ते मी गाळले. भरवसा असो नसो, मला त्याचे काही वाटत नाही. माझी पत्नी धोंडाबाई २०१६ साली गेली. तेव्हापासून मला कशाचेच फारसे वाटत नाही. जेवतो, झोपतो, बीपीची गोळी घेतो, कोणी हसले तर हसतो. ती गेली तेव्हा रडू येईल म्हणून मी रुमाल खिशात ठेवला होता. तो तसाच घडी घातलेला परत आला. डॉक्टरबाईंना सांगितले तर त्या म्हणाल्या, असे होते. तेव्हा हा कागद कोरडा वाटला तर वारसांनी राग मानू नये.

कलम १. सिडकोचे घर, वरचा वाढवलेला मजला धरून, माझा मुलगा बुद्धभूषण याला द्यावे. तो जिल्हा परिषदेत नोकरीला आहे आणि पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला या घरात राहायचे नाही हे मला माहीत आहे. विकायचे तर विकावे. फक्त घेणाऱ्याला आधी सांगावे की मोरीच्या वरचा स्लॅब जुलैत पाझरतो. लपवून विकू नये. आमच्या घराण्यात एक गोष्ट लपवून ठेवली, तेवढी पुष्कळ झाली.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे काही आहे ते बुद्धभूषण आणि सूनबाई यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. सूनबाईचे नाव मी मुद्दाम घातले आहे. धोंडाबाईच्या आजारपणात रात्रंदिवस तिने केले, मुलगा फक्त फोनवर "रिपोर्ट पाठवा" म्हणत होता. बुद्धभूषण, हे वाचून तोंड वाकडे करू नकोस. तुझी आईसुद्धा हेच म्हणाली असती.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे व्हर्निअर, दोन मायक्रोमीटर, गुण्या, कानशींचा संच आणि पान्यांची पेटी, ही माझी नात वेदिका हिला द्यावीत. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करत आहे. सातपूरला आणि मग अंबडला मिळून अडतीस वर्षे मी ती वापरली. प्रेस शॉपमध्ये मशीनच्या आवाजाने माझे कान गेले, पण बोटे दहाही शाबूत आहेत, आणि आमच्या खात्यात हे सांगणारे फार थोडे निवृत्त झाले. वेदिका, मायक्रोमीटर कोणाला उसना देऊ नकोस. मैत्रिणीला तर मुळीच नाही.

कलम ४. शेजारच्या साहेबांनी मी घरी सनईचा सराव करतो म्हणून माझ्याविरुद्ध दोन वेळा पोलिसांत अर्ज दिला. दुसऱ्या अर्जात "कुत्रे रडल्यासारखा एकसुरी आवाज" असे लिहिले होते. हवालदाराने मला तो अर्ज वाचून दाखवला आणि स्वतःच हसला. या साहेबांना मी माझी ॲल्युमिनियमची शिडी देतो. गेली अकरा वर्षे ती त्यांच्याकडेच आहे, तेव्हा कोणी आणून देण्याची तसदी घेऊ नये.

कलम ५. आता सनई. माझ्या मालकीची एकच सनई आहे. ती कोणाची, कुठून आली, हे सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही, म्हणून हे कलम लांबणार आहे. वकीलबाई म्हणाल्या की याची गरज नाही. मी म्हणालो, मला आहे.

माझे वडील पुंजाराम सनई वाजवीत. आमचे गाव चांदवड तालुक्यात. नाव लिहीत नाही, तिथे आमची माणसे अजून राहतात. गावात कोणाचेही लग्न असो, हळदीपासून वरातीपर्यंत वडिलांनी वाजवायचे, असा दंडकच होता. मांडवाबाहेर, उभ्याने. त्याबद्दल सुगीला धान्य, आणि लग्नाच्या दिवशी सगळ्यांचे झाल्यावर जेवण.

सनई एकट्याची नसते. एक जण गाणे वाजवतो आणि दुसरा त्याच्या शेजारी उभा राहून एकच स्वर धरून ठेवतो. याला सूर धरणे म्हणतात. सूर धरणाऱ्याची सनई दिसायला तशीच, पण तिला खालच्या अंगाला तीनच भोके, आणि तीही मेणाने बुजवलेली. तिच्यावर गाणे वाजत नाही. गालांत हवा साठवायची, ती ओठांतून सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा, आणि काहीही झाले तरी सूर तुटू द्यायचा नाही. घरातले पोर आधी सूर धरायला शिकते. गाणे पुढे, मिसरूड फुटल्यावर.

माझ्याआधी माझा भाऊ काळू सूर धरायचा. काळूदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो मनमाडला बोर्डिंगात शिकायला गेला आणि ती सनई माझ्याकडे आली. मी आठ वर्षांचा होतो. वडिलांनी पपईच्या देठाची नळी करून पाण्याच्या तांब्यात बुडवली आणि म्हणाले, "फुक. बुडबुडं थांबलं की टप्पल." पंधरा दिवस टपला खाल्ल्या. सोळाव्या दिवशी बुडबुडे थांबले नाहीत. आई, नवसाबाई, चुलीपुढून उठून बघायला आली. मला ते फार आवडायचे. मला ते फार आवडायचे. हे वाक्य मी दोनदा लिहिले आहे. वकीलबाईंनी एक खोडू नये.

१९६५ साली, मी अकरा वर्षांचा असताना, एका लग्नात मला खोकल्याची उबळ आली आणि सूर तुटला. नवरदेवाचा मामा शेजारीच उभा होता. त्याने माझ्या कानशिलात लगावली. वडिलांनी सनई तोंडातून काढली नाही. ते वाजवत राहिले. मीही पुन्हा सूर धरला. त्या दिवशी वडिलांना काय वाटले ते मी कधी विचारले नाही, आणि आज अंदाजही करवत नाही.

दादा सुट्टीला घरी आला तेव्हा आईने त्याला हे सांगितले. तो अठरा वर्षांचा होता, मनमाडला सभा ऐकून आलेला. त्याने वस्तीची बैठक बोलावली. मला पुढे उभे करून, माझी हनुवटी धरून माझा गाल सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "या लेकराला मारलं आन् आपण वाजवत राह्यलो. थू आपल्यावर. हितनं पुढं या वस्तीतलं एक लाकूड बी गावासाठी वाजनार नाय." ठराव झाला. रविवारी सकाळी प्रत्येक घरातली हलगी, संबळ, सनई, जे असेल ते, पडक्या विहिरीत टाकायचे. दादाचे बरोबर होते. मी यावर साठ वर्षे विचार केला आहे. बरोबरच होते.

कलम ६. हे कलम मी यापूर्वी कोणाला सांगितलेले नाही. धोंडाबाईलाही नाही.

वडील बैठकीत काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी दादा घरात येऊन चहा पिऊन विहिरीकडे गेला. मग वडिलांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "हलगी ने आन् सुराची ने. माझी सनई कणगीत राहू दे. वाजवनार नाय मी. निस्ती राहू दे." आणि ते बाहेर जाऊन ओट्यावर पाठमोरे बसले. दोन्ही सनया एकाच मापाच्या, एकाच लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळलेल्या. घरात मी एकटा होतो. मी माझी सनई कणगीत दाण्याखाली घातली आणि वडिलांची सनई हलगीबरोबर नेऊन विहिरीत टाकली.

मी गोंधळलो नव्हतो. कोणती कोणाची हे मला हाताला कळत होते. मला माझी हवी होती, बस. वडील मोठे आहेत, दुसरी आणतील, असे मला वाटले. ती सनई आजोबांची होती आणि तसे लाकूड घडवणारा कारागीर कधीच मरून गेला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी मी काय केले असते कोण जाणे.

आठ दिवसांनी वडिलांनी कणगीत हात घातला. फडके सोडले आणि बघत बसले. मग दादाला बोलावले. "फडकी तू बदलली?" दादा म्हणाला, "मला बदलायची असती तर तुझ्या डोळ्यादेखत बदलली असती." वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "तू काय टाकलं इहिरीत?" मी म्हणालो, "सुराची." एवढेच म्हणालो. पण मी निघण्याआधी दादा घरात येऊन गेला होता, आणि घरात एक लाकूडही नको असे भर बैठकीत तोच म्हणाला होता. वडिलांनी काय ते ठरवून टाकले. सुराची सनई त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "घे. तुलाच ठेव."

दादा त्याच आठवड्यात मनमाडला गेला आणि रेल्वेत खलाशी, म्हणजे हेल्पर, लागला. वडील त्याच्याशी पुन्हा बोलले नाहीत. एकोणीस वर्षे नाही. दादा आईला वस्तीबाहेर बाभळीखाली भेटायचा. माझ्यासाठी पेन, वह्या, पुढे आयटीआयची फी, सगळे त्या बाभळीखालून आले. नाशिकला मला आयटीआयत घातले ते त्याने. सातपूरला पहिल्या नोकरीला चिकटवले ते त्याने. माझे लग्न जमवले तेही त्यानेच. लग्नाला तो आला आणि वडील मांडवातून उठून गेले. मी सगळे घेत गेलो. दर वेळी वाटायचे की आज सांगू, आणि दर वेळी तो काहीतरी आणून द्यायचा.

१९८४ साली वडील गेले. जाण्याआधी म्हणाले, "काळूचा खांदा नको." दादा मनमाडहून आला होता. वस्तीच्या तोंडाशी हातात चपला धरून उभा राहिला. थोरला मुलगा तो, आणि पुढचा खांदा मी दिला. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर भागले असते. नाही बोललो. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही. हात लिहीत आहे एवढेच कळते.

दादाने माझ्यावर कधी संशय घेतला नाही. त्याचे ठाम मत असे की म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने चुकून उलटी सनई दिली आणि चूक पदरात घ्यायची नाही म्हणून पोटच्या पोरावर ढकलली. अकरा वर्षांचा भाऊ खोटे बोलेल हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

कलम ७. सनई बावन्न वर्षे ट्रंकेत होती. धोंडाबाई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी गंगापूर रोडला एका लॉन्सवर लग्नाला गेलो. स्टेजवर गालिचा, त्यावर रोहित सोनवणे यांची सनई पार्टी, फेटे बांधून बसलेली. आता उभे राहावे लागत नाही, लोक आधी ॲडव्हान्स देतात आणि वाढपी त्यांना तिथेच पाणी आणून देतात. पण सूर धरायला माणूस नव्हता. एक डबा ठेवला होता, विजेवर चालणारा. मध्येच लाइट गेली आणि डबा बंद पडला. रोहित एकटा वाजवत राहिला. ते ऐकून मी जेवणाच्या रांगेतून बाहेर आलो. का आलो ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "सूर मी धरतो." तो म्हणाला, "काका, वय काय तुमचं?" मी म्हणालो, "मला तीन महिने दे."

तीन महिने मी स्टीलच्या ग्लासात कोल्ड्रिंकची नळी घालून बुडबुडे काढले. वरची कवळी नवीन करून घेतली. त्या दातांच्या डॉक्टरला मी खरे कारण सांगितले नाही. आता आठ वर्षे झाली, सीझनमध्ये मी रोहितबरोबर बसतो. सूर धरताना तासभर दुसरे काहीही करायचे नसते. मला काही वाटत नाही हे तिथे चालून जाते. घरात ते चालत नाही, घरात लोक तोंडाकडे बघतात.

बुद्धभूषणला हे आवडले नाही. तो म्हणाला, "बाबा, जे आपल्या माणसांनी विहिरीत टाकलं, ते तुम्ही फेटा बांधून परत करताय? लाज नाही वाटत?" मी म्हणालो, "नाही वाटत." आमचे सहा महिने बोलणे बंद होते. त्याचेही चूक नाही. ज्यांना वाजवावे लागले त्यांची ती लाज आहे, आणि मला तर ते आवडत होते.

या मे महिन्यात वेदिकाने माझा एक व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मनमाडला दादाच्या मुलीने, राखीने, तो दादाला दाखवला. दादाचा फोन आला. मला वाटले, आता शिव्या खाव्या लागणार. ठराव त्याचा होता. तो म्हणाला, "सावळ्या, वाजव. तुझं तुला आवडतंय ना? मग वाजव, कुनाच्या बापाचं भ्या नाय. म्हाताऱ्यानं सोता चुकी केली आन् माझ्या माथी मारली, त्याचं पाप तुझ्या सनईला कशाला? त्याला मात्र मी मरेस्तोवर सोडनार नाय." मी बरे म्हणालो आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेलो.

दादा एकोणऐंशी वर्षांचा आहे. जी चूक वडिलांनी केली नाही तिच्यासाठी त्यांना शिव्या देत तो मरू नये. हा कागद मी त्यासाठी करत आहे. घराचे तर हा कागद केला नसता तरी कायद्याने झालेच असते.

म्हणून मी दादाला या मृत्युपत्राचा साक्षीदार म्हणून बोलावले आहे. कशाला ते सांगितलेले नाही. सह्या होण्याआधी हा कागद साक्षीदारांसमोर मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची कायद्याने गरज नाही, पण मी वाचणार. वकीलबाईंनी एक गोष्ट बजावली आहे की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. तेव्हा मी असे ठरवले आहे : दादाने सही केली तर सुराची सनई रोहित सोनवणे यांना द्यावी, कारण त्यांच्याकडे ती वाजेल. दादाने सही केली नाही तर सनई दादाची. तिचे त्याने वाटेल ते करावे, जाळावी, मोडावी, कोणी एक शब्द विचारू नये. तो सही करेल असे मला वाटते. तो नेहमी माझ्यासाठी सही करत आला आहे.

मला माफ कर असे मी इथे लिहिलेले नाही. लिहून बघितले होते. ते माझ्या अक्षरात खोटे दिसत होते.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला वंदना घ्यावी आणि लवकर आटपावे. फोनवर सनई लावू नये. दादा हयात असेल तर पुढचा खांदा त्याचा. तो नको म्हणाला तर आग्रह करू नये. व्यवस्था पाहण्याचे काम सूनबाईकडे राहील, बुद्धभूषणला रजा मिळत नाही.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सहीआधी वाढवलेला मजकूर :

आज रविवारी सकाळी अकरा वाजता माझ्या राहत्या घरी वकीलबाई, डॉक्टर आरोही देवरे, रोहित सोनवणे, काळूदादा आणि राखी यांच्यासमोर मी हा कागद वाचला. दादाने कानाला मशीन लावले होते. मी कलम सहा वाचले तेव्हा त्याने मशीन काढले, फुंकले आणि पुन्हा लावले. सगळे वाचून झाल्यावर म्हणाला, "सहावं परत वाच." मी वाचले. तो म्हणाला, "परत." तिसऱ्यांदा मी कागद राखीपुढे धरला आणि तिने वाचले.

चहा आला. त्याने बशीत ओतला आणि प्यायला नाही. मग विचारले, "म्हातारा माझं काही इचारायचा का? कधी?"

मी सांगितले, "एकदा. तुझ्या लग्नाच्या साली. आई जाऊन आली तेव्हा तिला विचारलं, तिकडं सनई लावली व्हती का."

"मी नाय लावली," दादा म्हणाला. "मुद्दाम नाय लावली." बशी बाजूला सारली आणि म्हणाला, "सावळ्या, साठ वर्सं मी त्याला शिव्या घातल्या. रोज सकाळी. दाढी करताना, आरशात बघून. माझं तोंड त्याच्यावानी हाय म्हनून." राखी उठून त्याच्याजवळ गेली तर त्याने तिला हाताने बाजूला केले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

मग म्हणाला, "सही कुठं?" वकीलबाईंनी जागा दाखवली, त्याच्या हातात पेन दिले. त्याने विचारले, "केली तर सनई याला?" आणि रोहितकडे बोट केले. वकीलबाई हो म्हणाल्या. त्याने पेन खाली ठेवले. "मग नाय करत. सनई दे."

मी म्हणालो, "मी गेल्यावर तुझीच आहे, दादा."

"तू मरायची वाट बघत बसू? सात वर्सांनी मोठा हाय मी. माझ्या तोंडात व्हती ती तुझ्याआधी. आन."

मी ट्रंक उघडून सनई आणली. त्याने फडके सोडले, अंगठ्याच्या नखाने मेण दाबून बघितले, पुन्हा गुंडाळले आणि राखीच्या पिशवीत घातली. मी म्हणालो, "दादा, गुरुवारी लग्नाची तारीख आहे. दोन तास बसायचं आहे." तो म्हणाला, "डबा लावा." आणि चप्पल शोधायला लागला.

मला वाईट वाटले. खूप वाईट वाटले. छातीत हात घालून काही काढून नेल्यासारखे वाटले आणि सगळ्यांसमोर मी हुंदके देऊन रडलो, बाईमाणसांसमोर, डॉक्टरांसमोर, नाक गळेपर्यंत. दादा दारात थांबून बघत होता. गप्प बस असे कोणी म्हणाले नाही. माझे झाल्यावर तो परत आत आला, पेन उचलले आणि वकीलबाईंना म्हणाला, "साक्ष नाय देनार. पन घेतली म्हनून लिहून देतो. उद्या कुनी म्हनायला नको, काळूनं गुपचूप काढली." वकीलबाईंनी सर्वांत खाली जागा करून दिली.

रोहित सोनवणे यांना आता या कागदाने काही मिळत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून ते सही करत आहेत.

ठिकाण : सिडको, नवीन नाशिक
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : सावळीराम पुंजाराम गांगुर्डे (सही)

सावळीराम गांगुर्डे यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली :

१. रोहित सोनवणे, पंचवटी, नाशिक (सही)
२. डॉ. आरोही देवरे, सिडको, नाशिक (सही)

वेगळ्या अक्षरात, खाली :

सनई सर्वांसमोर मागून घेतली. चोरून नाही. गुरुवारी लग्न किती वाजता आहे ते कळवणे, मी घेऊन येईन. वाजवून झाली की परत मनमाडला नेईन.
काळू पुंजाराम गांगुर्डे